डीव्हीडीवरचे लिनक्स आणि सोसायटीचे बँक खाते

प्रश्न : नेरूळ येथील एका सहकारी गृहनिर्माण संस्थेचा मी मानद खजिनदार आहे. संस्थेच्या कार्यालयात एकच संगणक असून त्यावर हिशेब, नोटिसांची छपाई आणि नेट बँकिंग अशी सगळी कामे होतात. व्यवस्थापकाबरोबरच सभासदही अधूनमधून पेन ड्राइव्ह लावून प्रिंट काढून नेतात. गेल्या महिन्यात अँटिव्हायरसला त्यावर कीलॉगर (टाइप केलेले प्रत्येक अक्षर गुपचूप टिपणारा प्रोग्राम) सापडला. सुदैवाने खात्यातून पैसे गेले नाहीत. माझा मुलगा ऐरोलीत आयटी क्षेत्रात नोकरी करतो. त्याचे म्हणणे असे, की बँकेचे काम डीव्हीडीवरून चालणाऱ्या हलक्या लिनक्सवर (विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमवर) करावे. एका सभासदाने दिलेला जुना डेस्कटॉप आमच्याकडे पडून आहे. त्याची हार्ड डिस्क बिघडलेली आहे, मात्र डीव्हीडी रायटर आणि ४ जीबी रॅम आहे. समितीच्या सभेत एक जण म्हणाले, ‘हे खेळणे आहे’, तर दुसरे म्हणाले, ‘लिनक्सला व्हायरस लागतच नाही, मग डीव्हीडी कशाला?’ खरे काय मानावे?
– खजिनदार, नेरूळ, नवी मुंबई

उत्तर : महोदय, सभेतील दोन्ही मते बाजूला ठेवून आपण चिरंजीवांचे ऐकावे. मात्र या पद्धतीने नेमके कशापासून संरक्षण मिळते आणि कशापासून मिळत नाही, हे समजून घेतल्याशिवाय तिच्यावर विसंबू नये. त्याआधी एक तातडीची गोष्ट सांगतो. कीलॉगर सापडल्यानंतर आपण नेट बँकिंगचा पासवर्ड बदलला असेल आणि तो त्याच संगणकावरून बदलला असेल, तर तो बदललेला नाही असेच समजावे. अँटिव्हायरसला एक कीलॉगर सापडला याचा अर्थ तेथे एकच होता, असा होत नाही. नवी व्यवस्था उभी राहीपर्यंत त्या संगणकावरून बँकेचे कोणतेही काम करू नये आणि लॉगिन तसेच व्यवहाराचा पासवर्ड नव्या व्यवस्थेतूनच पुन्हा बदलावा. दरम्यान खात्यात अनोळखी व्यवहार दिसलाच, तर बँकेला कळवून त्याच क्षणी १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी, कारण तेथे मिनिटांना महत्त्व असते.

आता मूळ विषय. बँकेचे तपशील चोरणारा प्रोग्राम संगणकात शिरतो तेव्हा त्याला पहिली निकड असते ती ठाण मांडण्याची. संगणक बंद होऊन पुन्हा सुरू झाला तरी आपण चालू राहावे, यासाठी तो हार्ड डिस्कवर स्वतःची प्रत ठेवतो आणि सुरुवातीलाच आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामांत आपली नोंद घुसवतो. पेन ड्राइव्हवरून कुणा सभासदाच्या नोटिशीबरोबर आलेली लागण आठवड्यानंतर आपण बँकेचा पासवर्ड टाइप करता त्या वेळी हजर असते, ती याच कारणाने. फक्त वाचता येणाऱ्या माध्यमावरून सुरू होणारी ऑपरेटिंग सिस्टिम नेमका हा दुवा तोडते.

तिची रचना अशी असते. डीव्हीडीवर संपूर्ण लिनक्स एका दाबून बसवलेल्या फाइलीत असते. तिच्यासाठी बहुधा स्क्वॅशएफएस नावाची फाइल प्रणाली वापरतात आणि ती मुळातच फक्त वाचण्यासाठी बनवलेली आहे. संगणक सुरू झाला, की या फाइलीवर रॅममधला एक कोरा थर पसरला जातो. ब्राउझरने काही साठवले, आपण एखादी सेटिंग बदलली किंवा एखाद्या घातक प्रोग्रामने सिस्टिमची फाइल बदलली, तरी प्रत्यक्षात ते सगळे लिखाण या वरच्या थरावर होते आणि खालची मूळ फाइल जशीच्या तशी राहते. वीज बंद झाली की रॅममधला थर नाहीसा होतो. पुढच्या वेळी डीव्हीडी जाळताना (बर्न करताना, म्हणजे तिच्यावर सिस्टिम लिहिताना) जे होते तेच, अक्षर अन् अक्षर, पुन्हा उभे राहते. अँटिव्हायरसला घाण शोधून काढावी लागते. येथे शोधण्याची गरजच नाही, कारण ती साठायला जागाच नाही.

ही कल्पना नवी नाही. जर्मनीतील क्लाउस क्नॉपर यांनी २००० साली आणलेल्या क्नॉपिक्समुळे सीडीवरून चालणारे लिनक्स जगभर परिचित झाले. पुढे झ्यूससारख्या ट्रोजनांनी, म्हणजे निरुपद्रवी असल्याचे भासवून शिरणाऱ्या घातक प्रोग्रामांनी, अमेरिकेतील छोट्या उद्योगांची बँक खाती रिकामी करायला सुरुवात केली, तेव्हा ‘वॉशिंग्टन पोस्ट’साठी लिहिणारे ब्रायन क्रेब्स यांनी २००९ मध्ये अशा उद्योगांना हाच सल्ला दिला होता, की बँकेचे काम लाइव्ह सीडीवरून, म्हणजे संगणकात काहीही न बसवता थेट सीडीवरून चालणाऱ्या सिस्टिमवर, करावे. अमेरिकी हवाई दलाच्या संशोधन प्रयोगशाळेनेही घरून काम करणाऱ्यांसाठी सीडीवरून रॅममध्ये चालणारे एक छोटे लिनक्स अनेक वर्षे पुरवले. ज्यांनी ‘खेळणे’ म्हटले, त्यांना हे जरूर सांगावे.

‘लिनक्सला व्हायरस लागत नाही’ हे मात्र खरे नाही. रोजच्या वापरातील संगणकांवर विंडोजचे प्राबल्य असल्यामुळे चोरांचे बहुतेक प्रोग्राम विंडोजसाठी लिहिलेले असतात आणि ते लिनक्सवर चालत नाहीत, एवढाच त्यातला सत्यांश आहे. ब्राउझरमधील एखाद्या त्रुटीतून लिनक्सवरही हल्ला होऊ शकतो, आणि तो चालू सत्रात झाला तर त्या सत्रापुरता हल्लेखोर आपल्या शेजारी बसलेला असतो. डीव्हीडी त्याला पुढच्या सत्रात येऊ देत नाही. या सत्रातून बाहेर काढत नाही. म्हणून शिस्त अशी असावी, की संगणक सुरू करावा, इतर कोणतेही संकेतस्थळ न उघडता थेट बँकेत जावे, काम उरकावे आणि संगणक पूर्ण बंद करावा. आधी मेल, मग बातम्या आणि शेवटी बँक असा क्रम लावल्यास डीव्हीडीचा निम्मा फायदा आपणच घालवला असे होईल.

आपल्याकडच्या जुन्या डेस्कटॉपची हार्ड डिस्क बिघडली आहे, ही या कामासाठी चांगलीच गोष्ट आहे. ती दुरुस्त करू नये किंवा नवीही घालू नये. केबल काढून बाहेर काढावी. कारण असे, की लाइव्ह लिनक्समध्ये वापरकर्त्याला सहसा पासवर्डशिवाय सर्वाधिकार मिळतात. डेबियन या लिनक्सच्या एका प्रचलित प्रकाराच्या लाइव्ह आवृत्तीत तर वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड जगजाहीर असून सर्वाधिकारासाठी तोही विचारला जात नाही. डीव्हीडीवर काही लिहिता येत नसल्याने एरवी यात बिघडत नाही. पण त्याच संगणकात चालती हार्ड डिस्क असली, तर घुसखोर तिच्यावर सहज लिहू शकतो आणि संस्थेच्या हिशेबाच्या फायलींपर्यंत पोहोचू शकतो. हार्ड डिस्कच नसली, की लिहिण्याजोगे उरते ते फक्त मदरबोर्डवरील फर्मवेअर, म्हणजे संगणक सुरू करणारा चिपमधला प्रोग्राम. तेथे मुक्काम करणारे प्रोग्रामही आहेत. ईसेट या अँटिव्हायरस कंपनीने २०१८ मध्ये लोजॅक्स नावाचा असा प्रोग्राम प्रत्यक्ष वापरात असल्याचे उघड केले. मात्र त्याचे लक्ष्य सरकारी संस्था होत्या. गृहनिर्माण संस्थेच्या खजिनदाराने त्याची धास्ती घेण्याचे कारण मला दिसत नाही.

आता कोणते लिनक्स निवडावे, याविषयी. येथे माझे मत चिरंजीवांपेक्षा कदाचित वेगळे पडेल. ‘हलके’ म्हटले की तंत्रज्ञ तरुणांच्या डोळ्यांपुढे टायनी कोर येते, ज्याची चित्रमय पडद्यासह संपूर्ण फाइल अवघी २३ एमबीच्या आसपास भरते. पण त्यात ब्राउझर नसतो. तो दर वेळी उतरवून घ्यावा लागणार असेल किंवा पेन ड्राइव्हवर साठवावा लागणार असेल, तर फक्त वाचता येणाऱ्या माध्यमाचा हेतू मागे पडतो. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी कॉलर यांनी २००३ मध्ये सुरू केलेले पपी लिनक्स जुन्या यंत्रांवर अतिशय चपळ चालते. मात्र ते मुळातच सर्वाधिकारी वापरकर्ता म्हणून चालते आणि बंद करताना ‘सत्र साठवायचे का’ असे विचारते. तेथे ‘नाही’ म्हणणे अत्यावश्यक आहे, आणि घाईत असलेला पदाधिकारी एक ना एक दिवस ‘होय’ दाबणारच. हार्ड डिस्क नसेल तर तो प्रश्न बराचसा निष्प्रभ होतो, तरी ज्या व्यवस्थेत चुकीचे बटण उपलब्ध आहे ती समितीच्या हाती देऊ नये.

माझ्या दृष्टीने आपल्या बाबतीत हलकेपणापेक्षा ताजेपणा महत्त्वाचा आहे. या पद्धतीचा सर्वांत मोठा दोष हाच, की जे बदलता येत नाही ते दुरुस्तही करता येत नाही. फायरफॉक्सच्या सुरक्षा-दुरुस्त्या साधारणपणे दर चार आठवड्यांनी येतात. डीव्हीडीवरचा ब्राउझर मात्र ती जळली त्या दिवशीच थांबलेला असतो. वर्षभर जुनी डीव्हीडी म्हणजे जगाला माहीत झालेल्या सगळ्या त्रुटींसह वर्षभर जुना ब्राउझर. काही छोट्या लिनक्सची नवी आवृत्ती फार दिवसांनी निघते. डेबियनच्या स्थिर आवृत्तीची सुधारित प्रत मात्र साधारण दर दोन महिन्यांनी येते आणि तिच्याबरोबर लाइव्ह प्रतही नव्याने तयार होते. म्हणून डेबियन लाइव्हची एलएक्सडीई नावाचा डेस्कटॉप-पडदा असलेली प्रत घ्यावी. एलएक्सडीई हा पडदा हलका आहे, ४ जीबी रॅममध्ये बँकेचे पान उघडायला तो पुरेसा आहे, आणि संपूर्ण प्रत ४.७ जीबीच्या डीव्हीडीवर मावते. आपल्या डेस्कटॉपचा प्रोसेसर ६४ बिटचा आहे ना, एवढे पाहून घ्यावे. डीव्हीडीवरून सुरू व्हायला काही मिनिटे लागतील आणि ब्राउझर पहिल्यांदा उघडताना ड्राइव्हचा घरघराट ऐकू येईल. तेवढा धीर धरावा. दर दोन-तीन महिन्यांनी नवी डीव्हीडी जाळावी, तिच्यावर मार्करने तारीख घालावी आणि जुनी कापून टाकावी.

डीव्हीडी कोरी घेताना पुन्हा पुन्हा लिहिता येणारी आरडब्ल्यू घेऊ नये. एकदाच लिहिली जाणारी साधी डीव्हीडी-आर घ्यावी आणि जाळताना ती बंद करण्याचा, म्हणजे पुढे काही जोडता येणार नाही असा, पर्याय निवडावा. आपल्या यंत्रातला ड्राइव्ह रायटर असल्याने आरडब्ल्यू तबकडी त्यातच राहिली तर ती पुसली जाऊ शकते. पेन ड्राइव्ह वेगवान असतो खरा, पण साध्या पेन ड्राइव्हवर सर्वाधिकार असलेला कोणताही प्रोग्राम लिहू शकतो. लिखाण रोखणारे खटक्याचे पेन ड्राइव्ह मिळतात; ते मात्र मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातही विचारत फिरावे लागतात. एसडी कार्डाच्या कडेच्या खटक्यावर भरवसा ठेवू नये, कारण तो कार्डाला काहीच सांगत नाही. खटका कोणत्या बाजूला आहे हे कार्ड रीडर पाहतो आणि त्याने तिकडे दुर्लक्ष केले तर लिखाण होते. पेन ड्राइव्हच वापरायची वेळ आली, तर ‘टू रॅम’ नावाच्या पर्यायाने संपूर्ण सिस्टिम रॅममध्ये उतरवावी आणि इंटरनेटची केबल जोडण्यापूर्वी पेन ड्राइव्ह काढून खिशात घालावा. ही युक्ती चांगली आहे; मात्र सुमारे ३ जीबीची डेबियन प्रत ४ जीबी रॅममध्ये उतरवली तर ब्राउझरला श्वास घ्यायलाही जागा राहणार नाही, म्हणून आपल्यासाठी डीव्हीडीच बरी.

ही तबकडी कार्यालयातील लागण झालेल्या संगणकावर जाळू नये. चिरंजीवांच्या लॅपटॉपवर जाळावी आणि उतरवलेली फाइल अस्सल आहे का, हे आधी तपासावे. २० फेब्रुवारी २०१६ रोजी लिनक्स मिंटच्या संकेतस्थळात घुसून चोरांनी डाउनलोडचा दुवाच बदलला होता आणि त्या दिवशी तेथून प्रत घेणाऱ्यांच्या हाती चोरदरवाजा असलेले लिनक्स पडले. अशी प्रत डीव्हीडीवर गेली, तर फक्त वाचता येणे हा गुण उलटतो. घुसखोर दर वेळी, न चुकता, तबकडीबरोबरच सुरू होतो. फाइलीचा चेकसम, म्हणजे तिच्या मजकुरावरून काढलेला ओळख-आकडा, जुळवणे ही पहिली पायरी आहे. पण चेकसमही त्याच संकेतस्थळावर असतो आणि जो फाइल बदलू शकतो तो आकडाही बदलू शकतो. म्हणून चेकसमच्या यादीवरील डेबियनची डिजिटल स्वाक्षरी पडताळणे हेच खरे काम. चिरंजीवांना हे करता येईल. करायला दहा मिनिटे लागतात आणि ती टाळू नयेत.

प्रत्यक्ष वापरात आपल्याला सर्वांत आधी अडचण येईल ती बहुधा घड्याळाची. पडून राहिलेल्या डेस्कटॉपमधील नाण्याच्या आकाराची सीआर २०३२ बॅटरी संपलेली असते आणि यंत्र आपली तारीख दहा-पंधरा वर्षे मागची दाखवते. मग बँकेचे पान उघडताच ब्राउझर ‘हे प्रमाणपत्र अजून वैध झालेले नाही’ अशा अर्थाचा इशारा देतो. येथे ‘धोका पत्करून पुढे जा’ हे बटण कधीही दाबू नये. एकदा ती सवय लागली, की खरोखरच बनावट असलेल्या संकेतस्थळाचा इशाराही आपण तितक्याच सहजतेने ओलांडू. बॅटरी बदलावी आणि तारीख सुधारावी. विंडोज वापरलेल्या यंत्रात लिनक्सचे घड्याळ बरोबर साडेपाच तास पुढे दिसले तर तो बिघाड नव्हे. यंत्रात भारतीय वेळ साठवलेली असते आणि लिनक्स ती जागतिक वेळ समजून तीत साडेपाच तास मिळवते. यंत्राच्या सेटअपमध्ये (संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या बायॉसच्या पडद्यावर) जागतिक वेळ लावून ठेवली, की प्रश्न मिटतो.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे आणि ती या पद्धतीच्या गुणातूनच जन्मते. दर सत्र कोरे असल्यामुळे बुकमार्क राहत नाही, म्हणून माणूस सर्च इंजिनात बँकेचे नाव टाकतो आणि वर दिसणाऱ्या पहिल्या दुव्यावर, जो कधीकधी चोरांनी पैसे भरून लावलेली जाहिरात असतो, क्लिक करतो. बनावट पानावर आपण स्वतःच्या हाताने पासवर्ड लिहिला, तर जगातील कोणतीही डीव्हीडी तो वाचवू शकत नाही. बँकेचा पूर्ण पत्ता कागदावर लिहून डीव्हीडीच्या डबीत ठेवावा आणि दर वेळी तो पाहून टाइप करावा. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपली संकेतस्थळे ‘डॉट बँक डॉट इन’ या राखीव डोमेनवर आणण्यास सांगितले होते. हे डोमेन बँकांखेरीज कुणाला मिळत नाही. त्याची नोंदणी हैदराबादची आयडीआरबीटी ही संस्था करते. पत्त्याचा शेवट तसा आहे का, हे पाहणे सोपे आहे. याच कारणासाठी कार्यालयातील राउटरचा कंपनीने दिलेला मूळ पासवर्डही बदलून टाकावा. राउटरच चोराच्या ताब्यात असेल तर योग्य पत्ता टाइप करूनही भलतीकडे जाण्याचा धोका उरतो, आणि तेथे प्रमाणपत्राचा इशारा हाच आपला शेवटचा आधार असतो.

बँकेचे खातेउतारे आणि व्यवहाराच्या पावत्या लेखापरीक्षणासाठी लागतातच, आणि लाइव्ह सत्रात ‘डाउनलोड्स’मध्ये उतरलेली पीडीएफ संगणक बंद होताच जाते. त्यासाठी एक वेगळा पेन ड्राइव्ह ठेवावा. तो सगळ्यात शेवटी, बँकेतून लॉगआउट झाल्यावर लावावा, पीडीएफ त्यावर घ्यावी आणि संगणक बंद करावा. त्यावरची कोणतीही फाइल या यंत्रावर उघडू नये.

अधूनमधून वीज जाते, तिचाही विचार करावा. व्यवहार मंजूर करताना वीज गेली तर सत्राबरोबर पडद्यावरची पोचही जाते, आणि पैसे गेले की नाहीत या संभ्रमात तीच रक्कम दुसऱ्यांदा पाठवली जाते. छोटा यूपीएस लावावा, आणि तरीही खंड पडलाच तर पुन्हा लॉगिन करून आधी खातेउतारा पाहावा.

राहिला प्रश्न फोनचा. ओटीपी तेथेच येतो आणि डीव्हीडीचा त्याच्याशी संबंध नाही. ई-चलानच्या नावाने व्हॉट्सॲपवर येणारी एपीके फाइल (अँड्रॉइड फोनवर ॲप बसवणारी फाइल) ज्याने उघडली, त्याचे ओटीपी दुसरा कुणीतरी वाचत असतो. त्यामुळे बँकेकडे एकाने व्यवहार नोंदवायचा आणि दुसऱ्याने मंजूर करायचा अशी व्यवस्था आधीच नसेल तर ती मागून घ्यावी. आपण नोंद करावी आणि सचिवांनी स्वतःच्या लॉगिनने व स्वतःच्या फोनवर मंजुरी द्यावी, तीही शक्यतो याच डीव्हीडीवरून. मंजुरी कार्यालयातील जुन्या संगणकावरून दिली गेली, तर आपण घेतलेली सगळी खबरदारी अर्ध्या वाटेवर सोडल्यासारखी होईल.

कार्यालयातील विंडोज संगणकाचे काय करावे, हे आपण विचारलेले नाही, पण ते ओघाने येते. हिशेबाचे सॉफ्टवेअर त्यावर असल्याने तो ठेवावा लागेल. त्यातील माहितीची प्रत घेऊन तो संपूर्ण पुसावा आणि विंडोज नव्याने टाकावे. तेथे विंडोज १० असेल तर १४ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याला मिळणारा नियमित आधार संपला आहे, याचीही दखल समितीने घ्यावी. बँकेच्या डेस्कटॉपला सेटअप पासवर्ड घालून तो फक्त डीव्हीडीवरूनच सुरू होईल असे करावे, त्याला वाय-फाय न जोडता केबलच जोडावी, आणि कीबोर्डची वायर मागच्या बाजूला थेट संगणकात जाते ना, की मध्ये अंगठ्याएवढे काही (टाइप केलेले टिपून ठेवणारे उपकरण) जोडलेले आहे, हे बसण्यापूर्वी एकदा डोळ्यांनी पाहावे. कार्यालयाची किल्ली अनेकांच्या हातांतून फिरते. डीव्हीडी मात्र यंत्रात न ठेवता चेकबुकाबरोबर कपाटात ठेवावी, आणि नवी जाळली की तिची तारीख व ती कोणी पडताळली त्याचे नाव समितीच्या इतिवृत्तात लिहावे, म्हणजे पदाधिकारी बदलले तरी नव्या खजिनदाराला शेवटची डीव्हीडी किती जुनी आहे ते कळेल.